ऑर्डर हुकतेय? फोन बदलण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन जुळली तर पुढचं वाचा.

- गिऱ्हाईक म्हणतं, "मंगळवारीच मेसेज टाकला होता." तुम्ही चॅट वर सरकवत जाता आणि मेसेज सापडतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर त्याला निळ्या टिकाही आहेत. म्हणजे तुम्हीच वाचलेला.
- तासभर फोन चिडीचूप. व्हॉट्सॲप उघडलं की नऊ मेसेज धपाधप येऊन पडतात.
- खात्यात २८० रुपये जमा झालेत. कोणाचे, देव जाणे.
- एकाच घरी कुरडया दोनदा पोचल्या आणि शेजारच्या काकू अजून वाट बघतायत.
- एकाच माणसाला पत्ता तिसऱ्यांदा विचारला.
- 'स्टोरेज फुल'ची पाटी रोज सकाळी दिसते आणि रोज आपण ती बोटाने बाजूला सारतो.

माझं नाशिकला सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ मोबाइलचं छोटं दुकान आहे. कव्हर, काच, चार्जर, थोडीफार दुरुस्ती. उन्हाळ्यात वाळवणाचा हंगाम आला आणि दिवाळीआधी फराळाचा, की ठरावीक मंडळी काउंटरवर येतात. घरून पापड-कुरडया करणाऱ्या काकू, येवल्याहून पैठण्या आणून फोनवर फोटो दाखवून विकणाऱ्या ताई, निफाडकडचे बेदाणेवाले, छोटा हत्ती चालवणारे भाऊ. सगळ्यांचं वाक्य एकच: "दादा, फोन खराब झालाय, ऑर्डरी हुकतायत." नवा फोन विकला तर फायदा माझाच आहे. पण बहुतेकांचा फोन ठणठणीत निघतो. ऑर्डर आलेली असते, वाचलेली असते, फक्त तिला राहायला जागा दिलेली नसते. थोडी चॅटमध्ये, थोडी फोनवरच्या बोलण्यात, थोडी डोक्यात.

तरी मी सुरुवात फोनपासूनच करतो. तो भाग दोन मिनिटांचा आणि फुकटचा आहे, आणि तो बाजूला काढल्याशिवाय माणूस स्वतःची चूक ऐकून घेत नाही.

१. मेसेज पोचत नाही, की पोचून दिसत नाही?

घरातलं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा, फोन लॉक करून अर्धा तास बाजूला ठेवा. मग घरातल्या कुणाला तरी त्यांच्या नंबरवरून एक मेसेज टाकायला सांगा. आता बघायचं ते *त्यांच्या* फोनवर.

एकच करडी टिक राहिली, तर मेसेज तुमच्या फोनपर्यंत आलेलाच नाही. याची कारणं ठरलेली आहेत. दोन सिमच्या फोनात डेटा दुसऱ्या सिमवर गेलेला असतो आणि त्या सिमला पॅकच नसतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता सगळ्यात आधी तेच बघतो. नाहीतर फोनने बॅटरी वाचवायला व्हॉट्सॲपला झोपवलेलं असतं. सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही कंपन्यांच्या फोनात 'ऑटोस्टार्ट' असं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. आणि ज्यांना उघडलेली सगळी ॲप्स दर दहा मिनिटांनी बोटाने उडवून लावायची सवय आहे, त्यांनी ती सोडा. काही फोनांत उडवलेलं ॲप पुन्हा उघडेपर्यंत गपच बसतं.

दोन करड्या टिका आल्या आणि तरी आवाज झाला नाही, तर मेसेज पोचलाय, फोनने फक्त तुम्हाला हाक मारलेली नाही. नोटिफिकेशन बंद आहे का, चॅट म्यूट आहे का, 'डू नॉट डिस्टर्ब' लागलंय का, ते बघा. आणि अर्काइव्हची पेटी जरूर उघडा. व्हॉट्सॲपमध्ये 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' चालू असेल तर अर्काइव्ह केलेल्या चॅटमध्ये नवा मेसेज आला तरी ती वर येत नाही, आवाजही होत नाही. एका पैठणीवाल्या ताईंनी जुनी गिऱ्हाइकं 'पसारा नको' म्हणून अर्काइव्ह केली होती. लग्नसराईत तीच जुनी गिऱ्हाइकं परत आली, विचारत राहिली आणि कंटाळून दुसरीकडे गेली.

आणि आवाजही झाला, दिसलंही, तर फोन सुटला. आता पाळी आपली.

२. वाटेत वाचलेला मेसेज

द्वारकाच्या सिग्नलला थांबलोय, मेसेज उघडला, "बरं, घरी गेल्यावर बघू" म्हटलं. तिथेच ऑर्डर मेली. न वाचलेल्या चॅटवर हिरवा ठिपका असतो. वाचली की तो जातो आणि त्याबरोबर आठवणही जाते.

उपाय फुकट आहे. उत्तर द्यायला वेळ नसेल तर चॅट उघडूच नका, नोटिफिकेशनमध्ये जेवढं दिसतं तेवढं पुरे. उघडलीच तर बाहेर येऊन त्या चॅटवर बोट दाबून धरा आणि 'मार्क ॲज अनरीड' करा. समोरच्याच्या निळ्या टिका त्याने जात नाहीत, पण तुमचा ठिपका परत येतो. या एका सवयीने काहींचं निम्मं दुखणं गेलंय.

तीन चॅट वर पिन करता येतात. त्या जागा घरच्या ग्रुपला दिल्या असतील तर काढून घ्या.

३. भरलेला फोन आणि न झालेला बॅकअप

जागा संपली की गिऱ्हाइकाने पाठवलेला डिझाइनचा फोटो, पत्त्याचा फोटो उतरतच नाही. आपण म्हणतो, "नंतर उघडेन." वर फोन रडतखडत चालतो, म्हणून आपण व्हॉट्सॲप उघडायचाच कंटाळा करतो.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथे खूपदा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं असं वेगवेगळं काढून दाखवतात. सुप्रभातवाले व्हिडिओ इथेच सापडतात, आधी ते उडवा. मग मीडियाचं ऑटो-डाउनलोड बंद करा, म्हणजे हवं तेच उतरेल. 'फोन साफ करणारी' ॲप्स घालू नका. धंद्याच्या फोनात तर नाहीच. आणि ॲप्सच्या सेटिंग्जमध्ये 'क्लिअर कॅशे' चालतं, पण शेजारचं 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' दाबू नका. त्याने फोनातल्या सगळ्या चॅट जातात.

त्याच बैठकीत सेटिंग्जमधल्या 'चॅट्स'खाली 'चॅट बॅकअप' उघडा आणि शेवटचा बॅकअप कधीचा आहे ती तारीख वाचा. मी आठ-आठ महिने जुनी पाहिली आहे. अँड्रॉइडवर हा बॅकअप गुगल खात्याच्या जागेत जातो. फुकटची जागा १५ जीबी, आणि तीच जीमेल, ड्राइव्ह, फोटो या सगळ्यांत वाटलेली. पूर्वी व्हॉट्सॲपचा बॅकअप या १५ जीबीत धरत नसत, २०२४ पासून धरतात. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि कोणी दार वाजवून सांगत नाही. व्हिडिओ वगळून बॅकअप घ्या, आकार एकदम उतरतो.

एक कबुली द्यायची आहे. हे गुगल खातं बऱ्याचदा आम्ही दुकानदारांनीच, फोन विकताना घाईघाईत उघडून दिलेलं असतं. पासवर्ड ना गिऱ्हाइकाला माहीत, ना आम्हाला आठवत. फोन चालू आहे तोवरच तो बदलून घ्या आणि घरातल्या वहीत लिहा. फोन गोदावरीत पडल्यावर उपयोग नाही.

४. ऑर्डरला एकच घर

खरं दुखणं इथे आहे. वरचं सगळं करून पंधरा दिवसांनी परत आलेली माणसं याच पायरीवर अडकलेली असतात.

एका वाळवणवाल्या काकूंना मी विचारलं, "आत्ता या घटकेला किती ऑर्डरी बाकी आहेत?" त्यांनी बोटं मोजली, मग व्हॉट्सॲप उघडलं, मग म्हणाल्या, "आणि लिफ्टमध्ये त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलंय दोन किलो." या प्रश्नाचं उत्तर दहा सेकंदांत देता आलं पाहिजे. नाही आलं तर फोन पंधरा हजारांचा असो की पन्नास हजारांचा, ऑर्डर हुकणारच.

घर कोणतं, याचा मी फार आग्रह धरत नाही. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. ती चॅट वर पिन करून तिथे लिहा. फोनातली नोट्सची जागा चालेल. जमत असेल त्याला गुगल शीट. कागदी वही चालेल का, असं विचारतात. चालेल, पण वही घरी आणि तुम्ही बुधवारच्या बाजारात, असं झालं की लगेच दुसरी जागा तयार होते. मला विचाराल तर फोनातलीच जागा बरी. मात्र एकच. नोट्समध्ये थोडं आणि शीटमध्ये थोडं, हे दोन्ही नसल्यापेक्षा वाईट, कारण माणूस एकात बघून निर्धास्त होतो.

लिहायची पद्धत मात्र हीच ठेवा. प्रत्येक ऑर्डरला क्रमांक द्या आणि नोंद करताच तोच मजकूर गिऱ्हाइकालाही पाठवा:

"ऑर्डर ४७. कुरडई २ किलो, बटाट्याचे पापड १ किलो. गुरुवारी संध्याकाळी, इंदिरानगर. ३०० जमा, ५४० बाकी."

क्रमांक कशाला? तारखेवरून हरवलेली ऑर्डर कळत नाही. क्रमांकावरून कळते. ४६ आहे, ४८ आहे, ४७ कुठाय, हे लहान पोरही सांगेल. दुसरं, गिऱ्हाइकाला तोच मजकूर गेला की चूक त्याच दिवशी पकडली जाते. "अहो, गुरुवार नाही, बुधवार म्हटलं होतं," असं ते लगेच कळवतात. गुरुवारी संध्याकाळी भांडण होण्यापेक्षा हे स्वस्त. तिसरं, पुढे कधीही व्हॉट्सॲपच्या शोधात "ऑर्डर ४७" टाकलं की सगळं समोर येतं. यात एक खोच आहे: आकडे एकदा देवनागरी आणि एकदा इंग्रजी टाइप केले तर शोधात सापडत नाहीत. एकच कीबोर्ड ठरवून घ्या.

फोनवर आलेली ऑर्डर, लिफ्टमधली ऑर्डर, मावशीच्या सुनेने निरोप दिलेली ऑर्डर, सगळ्यांना हाच नियम. फोन ठेवला की पुढचं काम करण्याआधी क्रमांक टाकून मेसेज. "काकू, तुमचं मेसेजमध्ये टाकलंय, बघून घ्या हं," एवढं म्हणायला लाज वाटायचं कारण नाही.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. एका क्लासवाल्यांनी फोनवर चाळीस काचा सांगितल्या होत्या, विद्यार्थ्यांच्या टॅबसाठी. मी "हो हो" म्हटलं आणि हातातल्या फोनचा डिस्प्ले बसवत राहिलो. चार दिवसांनी त्यांचा माणूस पिशवी घेऊन दारात उभा.

५. पैसे कोणाचे?

इथे पहिली तपासणी अशी: धंद्याचे आणि घरचे पैसे एकाच खात्यात येतात का? दुधाचे, भिशीचे, दिराने परत केलेले आणि कुरडईचे एकत्र पडले की २८० रुपये कोणाचे हे कोणीच सांगू शकत नाही. बँकेत वेगळं खातं उघडून क्यूआर त्यालाच जोडा. बऱ्याच घरांत क्यूआर नवऱ्याच्या नावाचा असतो, जमा झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जातो, आणि तो सातपूरला कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवून ड्यूटीवर. ऑर्डर घेणाऱ्याच्या फोनवरच पैशांचा मेसेज आला पाहिजे.

दुसरी: स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या एका मामांना असाच जुना स्क्रीनशॉट दाखवून दोन किलो बेदाणे नेले. आपल्या खात्यात रक्कम दिसली तरच मिळाले समजायचं. शंका आली तर व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय क्रमांक विचारा आणि आपल्या यादीतल्या नोंदीशी ताडून बघा.

तिसरी, रोजची: रात्री जेवणानंतर दहा मिनिटं. यूपीआयची दिवसाची यादी एका बाजूला, ऑर्डरींची दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक रकमेपुढे ऑर्डर क्रमांक. आठवड्याचं एकदम करू म्हणणाऱ्यांचं कधी झालेलं मी पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकांना पैसे पाठवताना नोटमध्ये ऑर्डर क्रमांक टाकायला सांगा. निम्मे टाकतील, तेवढंच ओझं कमी.

६. बिझनेस ॲप

लोक इथून सुरुवात करतात, मी मुद्दाम सहाव्या नंबरवर ठेवलंय. चौथी पायरी जमली नसेल तर व्हॉट्सॲप बिझनेस घेऊन पसारा फक्त रंगीत होतो.

ॲप फुकट आहे. कामाच्या गोष्टी मोजक्या. लेबल वीसपर्यंत करता येतात, पण मी चारच ठेवायला लावतो: नवी, पैसे बाकी, द्यायची, झाली. एक लक्षात ठेवा, चॅटला लावलेलं लेबल त्या माणसाचं असतं. एकाच काकूंच्या दोन ऑर्डरी असतील, एक झालेली आणि एक बाकी, तर लेबल गोंधळ घालतं. म्हणून क्रमांक सुटत नाही. 'क्विक रिप्लाय' मात्र खरंच उपयोगी: दरपत्रक, पत्ता मागायचा मजकूर, ऑर्डरीचा साचा एकदा साठवला की तिरकी रेघ टाइप करून तो समोर येतो. कॅटलॉगमध्ये भाव टाका, "काय भाव?" हा प्रश्न कमी होतो.

तोच नंबर बिझनेसवर नेता येतो, चॅटही येतात. पण आधी बॅकअप घ्या, आणि जुनं ॲप 'आता काय करायचंय' म्हणून आधीच काढून टाकू नका. नवं चालू झालं, जुन्या चॅट दिसल्या, मग काढा.

७. एका फोनवर दोन माणसं

सासू-सुना मिळून धंदा करतात तिथे ही पायरी. सासूबाईंनी मेसेज वाचला, सुनेला वाटलं त्यांनी घेतली ऑर्डर, त्यांना वाटलं हिने घेतली. मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून. पण जोडण्याआधी घरात ठरवा: क्रमांक देणारं माणूस एकच. दुसऱ्याने वाचलं तर 'मार्क ॲज अनरीड' करून सोडायचं. मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप तुटतात, तेव्हा तो कपाटात ठेवून देऊ नका.

याच वेळी 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावून टाका. धंद्याचा नंबर दुसऱ्याच्या हातात गेला तर गिऱ्हाइकांकडे तुमच्या नावाने पैसे मागितले जातात.

८. आता नवा फोन

वरचं सगळं करून महिना झाला, व्हिडिओ उडवूनही जागा पुरत नाही, किंवा बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही, तर जरूर घ्या. बॅटरी बदलून भागत असेल तर आधी बॅटरी. नवा घेतलात तर जुना लगेच विकू नका. पंधरा दिवस दोन्ही ठेवा, चॅट आणि फोटो आलेत याची खात्री करा, मग जुना रीसेट करून द्या.

इथे थांबा आणि जाणत्या माणसाकडे जा

*पैसे गेले असतील* तर दुकानात येऊ नका, ग्रुपवर विचारत बसू नका. १९३० ला लगेच फोन लावा, बँकेला कळवा, मग बाकीचं. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा क्रमांक आहे. जितक्या लवकर कळेल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि पैसे *मिळवण्यासाठी* यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर फोन ठेवा.

*बँकेने खातं गोठवलं* असेल तर शाखेत स्वतः जा, लेखी कारण मागा. "सोडवून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

*उलाढाल वाढली* असेल तर सीए गाठा. महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची वार्षिक मर्यादा मालासाठी ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख आहे, पण माल राज्याबाहेर पाठवायला लागलात की ४० लाखांच्या भरवशावर राहता येत नाही. मी चार्जर विकतो, हे मला विचारू नका. सीएकडे जाताना पाचव्या पायरीतली रात्रीची यादी घेऊन जा, त्यांचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

*दिवसाला पंचवीस-तीस ऑर्डरी* येत असतील तर चॅट आणि नोट्स पुरणार नाहीत. बिलिंगचं ॲप घ्या किंवा अर्ध्या दिवसाचं माणूस ठेवा. दिवाळीच्या आधी तरी ठेवाच.

*फोन बंद पडलाय आणि बॅकअप नाही*, अशा वेळी "रीसेट मारून बघतो" म्हणणाऱ्याच्या हातात तो देऊ नका, माझ्याही नाही. रीसेटने आतलं सगळं जातं. बोर्डाचं काम करणाऱ्या कारागिराकडे न्या आणि आधीच सांगा, "फोन नाही झाला तरी चालेल, डेटा हवाय." दोन्हींची दुरुस्ती वेगळी असते आणि खर्चही.

*मागचं झाकण वर आलं असेल* किंवा स्क्रीन कडेने उचलली असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, स्वयंपाकघरात गॅसजवळ ठेवू नका. फोन बंद करा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. ऑर्डरी तोवर कागदावर लिहा, शेवटच्या क्रमांकापासून पुढे.